१९ वर्षांची होडी: ठेवू की विकू? (दोन हंगामांचा हिशोब, लांब आहे)

दर्याकाठचो_बाबू | १४ जून २०२५, रात्री १०:२०

होडी माडाखाली झावळ्या पांघरून बसली आहे आणि मी पडवीत बसून पावसाकडे बघतोय. बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवसांची. पण यंदा आमची बंदी आठवडाभर आधीच लागली. २० मेनंतर वारा-पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही, आणि २५ मेला मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर झालं. अर्धी होडी पाण्यात, अर्धी वाळूत, जाळी चिंब. गावातली वीसेक माणसं मिळून ओढली तेव्हा वर आली. तेव्हापासून हातात वेळ आहे आणि डोक्यात एक प्रश्न, म्हणून हा धागा.

विजयदुर्गाकडच्या एका माणसाने होडीचे ५ लाख देऊ केलेत. धाकटा भाऊ म्हणतो, दे आणि मोकळा हो, नवीन फायबरची होडी आणि आउटबोर्ड घेऊ. वडील काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांना विकायची नाही.

होडी ३२ फुटी. फळ्या सागाच्या, आतले वाक (होडीच्या बरगड्या) आईनाचे, दोन सिलिंडरचं इंजिन. बांधणी २००६ ची. मी २०२३ च्या मे महिन्यात घेतली. त्याआधी बारा वर्षं मुंबईत कंपनीत मशीनवर होतो. विकणारा म्हणाला, "फयानातून वाचलेली होडी आहे ही." नोव्हेंबर २००९ चं फयान या किनाऱ्यावर कोण विसरलंय? त्या एका वाक्याने मी गार झालो. ५ लाख १० हजार सांगितले होते, ४ लाख ६० वर तुटलं.

आता माझी अक्कल ऐका. होडी बघायला गेलो तो भरतीच्या वेळी. पाण्यात डौलात डुलत होती. रंग नवा होता, हाताला लागला इतका नवा. त्याच वेळी समजायला हवं होतं.

जूनमध्ये वर ओढली, खरवडली, तेव्हा खरी होडी दिसली. सात फळ्या आणि चार वाक बदलावे लागले. सुतार आणि लाकूड १ लाख १२ हजार. त्यावर कोणीतरी सांगितलं, बाहेरून फायबर मारून घे, दहा वर्षं बघायला नको. ते ६४ हजार. इंजिन उघडलं, ७१ हजार. शाफ्ट, बुश, पंख्याची दुरुस्ती २३ हजार. वायरलेस, जीपीएस, बॅटरी, लाइफजॅकेटं ३८ हजार. जाळी, अर्धी नवी अर्धी जुनी, १ लाख २० हजार. बेरीज करा. ४ लाख ६० ची होडी समुद्रात उतरली तेव्हा ८ लाख ८८ हजारांची झाली होती.

नावावर करून घ्यायला सात महिने लागले ते वेगळंच. कोणी जुनी घेणार असेल तर आधी नोंदणी, परवाना, बँकेचा बोजा आहे का आणि मच्छीमार संस्थेची बाकी आहे का, हे बघा. होडी नंतर बघा. होडीतलं भोक बुजवता येतं, कागदातलं नाही. कागद तुमच्या नावावर नाहीत तोवर डिझेलवरच्या कराचा परतावाही नाही.

हे झालं रडगाणं. आता दुसरी बाजू.

पहिल्या वर्षीच्या डिसेंबरातली पहाट. बारा वाव पाणी (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), जमिनीकडून येणारी मतलई अगदी हलकी. जाळं टाकून इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर लाकडी होडी बोलायला लागते. कुठेतरी कुरकुर, कुठेतरी फळीवर पाण्याची चापट, तळात साचलेलं पाणी इकडून तिकडे. बरोबरची दोन पोरं झोपली होती. मागे सिंधुदुर्ग किल्ल्याचा काळा आकार. जाळं ओढायला घेतलं तर पहिली दहा वाव रिकामी. मग दोरी एकदम जड. हाताला धक्का बसला तो अजून आठवतो. सुरमई होती, एकामागे एक अकरा. त्यातली एक माझ्या हातापेक्षा लांब. ती होडीत आपटत होती आणि पोरगा तिच्यावर पाय देऊन हसत होता. त्या दिवशीचे पैसे जाळ्याच्या हप्त्यात गेले. पण कंपनीत बारा वर्षांत असा एक दिवस आला नव्हता.

तर मंडळी, ठेवू की विकू?

---

उनाड_पाखरू | १४ जून, रात्री १०:४१

वाचतोय. सुरमईचा परिच्छेद वाचून रात्री अकराला भूक लागली, त्याचा निषेध.

---

तळाशीलचो_नातू | १५ जून, सकाळी ८:०५

आजोबांना वाचून दाखवलं. ते बोलले तसं टाइप करतोय. वय ७८, तांडेल (होडीवरचे म्होरके) होते.

"रे बाबू, होडी बघूक जाताना सुकतीक (ओहोटीक) जावचा. भरतीक सगळ्याच होड्यो देखण्यो दिसतत. सुकतीक ती कुशीर पडलेली असता, तेव्हा पोट दिसता. हातात हातोडी घे आणि नाळीपासून मागपर्यंत टकटक करीत जा. बरी फळी टण् करता. कुजलेली भद् करता. भद् केल्यान तर थय सुरी टोच.

आणि टोचूचा खय? लोक खाली टोचतत, पाण्यात बुडता थय. थय लाकूड बराच असता. खारा पाणी लाकडाक राखता. कुजवता ता पावसाचा पाणी. वरसून झिरपता, फळयेच्या आणि वाकाच्या मधी बसता, थय वारो नाय, ऊन नाय. म्हणान वर, कडेक, इंजिनाच्या खाली बघूचा.

फायबर मारलंस ती चूक. ओल्या अंगार रेनकोट घातलंस. आतलो ओलावो खय जातलो?"

आजोबांचं म्हणणं, यंदा फायबर कुठे सुटलाय का बघ. पोकळ वाजला तर काढून टाक.

---

दर्याकाठचो_बाबू | १५ जून, दुपारी १:३०

@नातू, आजोबांना नमस्कार सांग. सकाळी पावसाने उघडीप दिली तेव्हा जाऊन वाजवली. डाव्या बाजूला पाण्याच्या रेषेखाली साडेतीन हात लांब पोकळ वाजतंय. ६४ हजार.

---

इंजिनवाला_मामा | १५ जून, रात्री ९:१२

माझा धंदा इंजिनांचा, त्यामुळे मी लाकडाबद्दल बोलणार नाही. पण जुनी होडी घेणाऱ्यांनी एवढं वाचा.

इंजिन थंड असताना चालू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवलं असेल तर हात लावून परत या. चांगल्या तब्येतीचं इंजिन पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत धरतं. मग धूर बघा. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही: नोझल, हवा किंवा जास्तीचा भार. निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा-लायनर, म्हणजे पैसे. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर आत पाणी जातंय का ते शोधा. डिपस्टिक काढून ऑइल बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर सौदा तिथेच थांबवा.

बाबू, पंखा तू बदललास की जुनाच ठेवलास? जुन्या होड्यांत बहुतेकदा पंखा एका इंजिनाचा आणि इंजिन दुसरं असतं. इंजिन बदललं जातं, पंखा कोण बदलतोय? पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा होडीला जितकं पुढे ढकलायला बघतो ते अंतर) जास्त असेल तर इंजिन पुरे फेरे घेत नाही, काळा धूर ओकतं आणि डिझेल पितं. ढोबळ मानाने पिच एक इंच कमी केली की दीडशे-दोनशे फेरे वाढतात.

---

दर्याकाठचो_बाबू | १५ जून, रात्री १०:०२

मामा, तुम्ही माझ्या होडीत बसला होता का? अगदी हेच झालं होतं. पहिला पूर्ण हंगाम काळ्या धुरात काढला. मेकॅनिकने नोझल दोनदा बदलले, पंप काढून टेस्टिंगला पाठवला. शेवटी मालवणच्या एका म्हाताऱ्या फिटरने पंखा बघून विचारलं, हा कोणाचा? दोन इंच पिच कमी असलेला घातला. आता तीन तास कमी-जास्त चालवलं तर बारा लिटरच्या आत भागतं, आधी सोळा-सतरा लागायचं.

---

सीए_पण_कोकणी | १६ जून, सकाळी ११:२०

सुरमई वगैरे ठीक आहे. खर्च सांगितलात, उत्पन्न सांगितलं नाहीत. अर्ध्या ताळेबंदावर ठेवू की विकू कसं सांगणार? दुसऱ्या हंगामाचे आकडे टाका. आणि स्वतःची मजुरी धरली आहे का?

---

दर्याकाठचो_बाबू | १६ जून, रात्री ११:१५

टाकतो. बायकोने वही लिहिली आहे, म्हणून आकडे आहेत. माझ्या भरवशावर असतं तर नुसत्या गोष्टी असत्या.

दुसरा हंगाम, ऑगस्ट ते मे. समुद्रात गेलो ते दिवस १२१. बाकीचे वारा, बिघाड, लग्नं, शिमगा आणि जाळी फाटली म्हणून गेले. मासळीचे एकूण ११ लाख ४० हजार. डिझेल २ लाख ५ हजार, बर्फ-शिधा-किरकोळ ४० हजार. उरले ८ लाख ९५. आमच्यात अर्धा वाटा होडी-जाळ्यांचा आणि अर्धा माणसांचा. माणसं तीन, मी धरून. म्हणजे प्रत्येकी १ लाख ४९ हजार.

होडीच्या वाट्याला ४ लाख ४७ हजार ५००. त्यातून जाळी ९२ हजार, पावसाळ्यातली डागडुजी ८५ हजार, इंजिन ३६ हजार, कागदपत्रं-वर्गणी वगैरे १४ हजार, कर्जाचे हप्ते १ लाख ४४ हजार. राहिले ७६ हजार ५००.

माझी मजुरी अधिक होडीचं उरलेलं, सगळं मिळून सव्वादोन लाख. महिन्याला पावणेएकोणीस हजार. कंपनी सोडली तेव्हा हातात एकतीस येत होते. झालं समाधान?

जाळ्यांचे ९२ हजार बघून दचकू नका. केंड मासा माहीत असेल तर दचकणारच नाही. फुगतो तो. त्याचे दात म्हणजे पक्कड. जाळ्यात अडकलेले बांगडे खातो आणि बरोबर जाळंही. एका रात्रीत आठ जाळी चाळणीसारखी झालेली बघितली आहेत मी. पोरं जाळं ओढत होती आणि नुसती भोकं वर येत होती.

---

सीए_पण_कोकणी | १६ जून, रात्री ११:५०

प्रामाणिक आकड्यांबद्दल आभार. व्यवसाय म्हणून सांगतो, विका. १९ वर्षांच्या मालमत्तेवर वर्षाला लाखावर डागडुजी आणि हातात पावणेएकोणीस हजार. भाऊ बरोबर बोलतोय.

---

खारवी_रत्नागिरी | १७ जून, पहाटे ५:४०

सीए साहेब, नवीन घेतली की सगळं सुटतं असं नाही, हे सांगायला उठलोय.

माझा ट्रॉलर होता. लाकडी, सहा सिलिंडरचं इंजिन, मिरकरवाड्यात. आठ-दहा दिवसांच्या एका फेरीला दोन-अडीच हजार लिटर डिझेल. बर्फ वेगळा. खलाशी नेपाळचे, त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, नाहीतर दुसरा नेतो. एका वर्षी चौघे उचल घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. फोन बंद. ट्रॉलर धक्क्याला आणि हप्ता चालू. डिझेलचा परतावा कागदावर जमा होत राहतो, खिशात कधी येईल ते कधी सांगता आलं नाही. एप्रिलमध्ये सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, चांगलं आहे, वीज-कर्जात फरक पडेल म्हणतात. मला उशीर झाला.

विकायला काढला तेव्हा लाकडी ट्रॉलरला गिऱ्हाईक नव्हतं. सगळ्यांना स्टील किंवा फायबर हवा. शेवटी तोडायला दिला. पंख्याची धातू वजनावर गेली, इंजिन वेगळं, लाकूड भट्टीला. तोडताना मी तिथे थांबलो नाही. मुलगा थांबला होता. तो सांगत होता, मधल्या फळ्या करवतीला दाद देत नव्हत्या, आत लाकूड अजून लालच होतं.

बाबू, तुझी लहान आहे, कर्ज आटोक्यात आहे, माणसं घरची आहेत. त्याची किंमत वहीत कुठे लिहिली आहेस?

---

उनाड_पाखरू | १७ जून, सकाळी ७:१५

खारवीदादा, __/\__

---

वीकेंड_गळकरी | १७ जून, दुपारी १२:१०

थोडं अवांतर. मी ठाण्यात राहतो, गाव देवगड तालुक्यात. अशीच एखादी जुनी होडी घेऊन महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर गळ टाकायला जायचं आणि मधल्या दिवसांत पर्यटकांना फिरवून खर्च काढायचा, असं डोक्यात आहे. ३-४ लाखांत जमेल ना?

---

दर्याकाठचो_बाबू | १७ जून, दुपारी २:४५

नाही जमणार, दादा. वाईट वाटून घेऊ नका.

एक म्हणजे मासेमारीचा परवाना आणि प्रवासी फिरवायचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी. प्रवाशांसाठी सागरी मंडळाकडे जावं लागतं, त्यांची तपासणी वेगळी, नियम वेगळे. मासेमारी होडीत पर्यटक बसवले आणि काही झालं तर विमा तुमच्याकडे बघणारही नाही.

दुसरं म्हणजे लाकडी होडी महिन्यातून दोनदा वापरायची वस्तू नाही. रोज पाण्यात जाते ती टिकते. उभी राहिली की फळ्या सुकतात, फटी पडतात, मग पावसाचं पाणी आत बसतं. आणि नुसती पाण्यात नांगरून ठेवली तर खालून किडा लागतो. लाकूड पोखरणारा तो किडा दिसतो अळीसारखा, पण जात त्याची कालवा-शिंपल्यांची. बाहेरून टाचणीएवढं भोक, आत फळी मधाच्या पोळ्यासारखी. गोड्या पाण्यात आणि कोरड्यावर तो मरतो, म्हणून जुने लोक पावसाळ्यात होडी वर घेतात किंवा खाडीत आत नेऊन ठेवतात. ठाण्यात बसून हे कोण करणार?

गळ टाकायचा असेल तर आमच्याबरोबर या. डिझेल अर्धं द्या, मासळी तुमची.

---

वीकेंड_गळकरी | १७ जून, दुपारी ३:००

मान्य. येतो ऑक्टोबरात. उलटी झाली तर हसायचं नाही.

---

अबोली_मालवण | १८ जून, रात्री ९:३०

सगळे दादा लोक हिशोब करतायत म्हणून मीही करते. माझ्या नवऱ्याची होडी बाबूदादांच्या होडीसारखीच आहे, तीन वर्षांनी लहान.

पहाटे साडेतीनला डबा. साडेनऊला होडी लागते तेव्हा मी किनाऱ्यावर. मासळी निवडायची, पाटीत भरायची, मोठी लिलावाला, बारीक घेऊन बाजारात बसायचं. वाटे लावायचे आणि गिऱ्हाईकाशी घासाघीस करायची. उरलं तर घरी येऊन खारवायचं, वाळवायचं. दुपारी नवरा जाळं विणायला बसतो तेव्हा सासू आणि मीही बसतो. बाबूदादा, तुमच्या तीन वाट्यांत चौथा वाटा कुठे आहे? वही लिहिणारी कोण आहे, तिची मजुरी किती?

आणि एक. होडी घेतली तेव्हा बांगड्या गहाण होत्या. मासळीतला बांगडा नव्हे. त्या अजून सुटलेल्या नाहीत. "होडीचं काम निघालं" हे वाक्य आमच्या घरात पाहुणा आल्यासारखं येतं आणि महिनाभर राहतं.

तरी विका म्हणणार नाही मी. होडी गेली की माणसं दुसऱ्याच्या होडीवर जातात. दुसऱ्याच्या होडीवर गेलेल्या नवऱ्याच्या मासळीवर बायकोचा हात नसतो. होडी आपली आहे म्हणून बारीक मासळी माझी, आणि बारीक मासळीवर पोरांच्या फिया गेल्यात.

---

दर्याकाठचो_बाबू | १८ जून, रात्री ११:०५

वहिनी, हा प्रतिसाद बायकोला दाखवला. तिने काही न बोलता वही काढून माझ्यासमोर ठेवली. मागच्या पानावर तिचा वेगळा हिशोब होता. मला माहीतच नव्हता. बारीक मासळी आणि सुकवलेली मिळून वर्षाचे ९६ हजार. तो माझ्या ११ लाख ४० मध्ये नाही.

सीए साहेब, ताळेबंदात दुरुस्ती करा.

---

सीए_पण_कोकणी | १९ जून, सकाळी १०:००

केली. महिन्याला आठ हजार वाढले. मत अजून बदललेलं नाही, पण आवाज थोडा कमी केलाय.

---

पेडणेकर_गोवा | २२ जून, संध्याकाळी ६:३०

आमच्याकडेही बंदी हीच. लाकडी होडीचा सुतार मिळणं हाच आता सगळ्यात मोठा खर्च आहे. आमच्या भागातल्या मेस्ताच्या (सुताराच्या) मुलाने आता बंगल्यांची दारं करायला घेतलीत. तुमच्याकडे सुतार आहे तोवर होडी ठेवा. ज्या दिवशी तो म्हणेल हात थरथरतात, त्या दिवशी विका.

---

इंजिनवाला_मामा | २२ जून, रात्री ८:१५

पेडणेकरांना +१. आणि बाबू, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चक्र) दर हंगामाला बदल, जुना चांगला दिसला तरी. रबर आहे ते.

---

दर्याकाठचो_बाबू | २२ जून, रात्री ९:५०

मामा, तुम्ही खरंच माझ्या होडीत बसला होता.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. आचऱ्याच्या समोर, नऊ-दहा वाव पाण्यात. वारा वाढत होता. इंजिनाचा आवाज बदलला. कसा सांगू, गळा बसलेल्या माणसासारखा. मागे बघितलं तर सायलेन्सरच्या पाइपातून पाणी पडत नव्हतं, नुसती वाफ. बंद केलं. पंप उघडला तर इंपेलरची सहापैकी चार पाती गायब. सुटा इंपेलर घरी, कपाटात, नवा कोरा.

नांगर टाकला तो धरेना, खाली वाळू. होडी हळूहळू खडकांकडे सरकत होती. वायरलेसवर आवाज दिला. अर्ध्या तासात एक होडी आली. तिच्या मालकाशी माझं जाळ्यावरून दोन महिने बोलणं नव्हतं. त्याने काही न बोलता दोरी फेकली. दीड तास ओढत आणलं त्याने आम्हाला. बंदरात आल्यावर डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "ठेव. फुडच्या टायमाक तू ओढ." घरी गेल्यावर बायकोने त्याच्या घरी कोळंबी पाठवली. आता बोलतो आम्ही.

सुटा इंपेलर आता होडीतच असतो, डब्यात. दोन.

---

तळाशीलचो_नातू | ६ जुलै, दुपारी ४:००

आजोबा विचारतायत, फायबर काढलास की नाही?

---

दर्याकाठचो_बाबू | ६ जुलै, रात्री ८:४०

काढला. पाण्याखालचा सगळा. आठ दिवस गेले. डाव्या बाजूचा तर हाताने साल निघावी तसा निघाला. आत काळं पाणी आणि आंबूस वास. उजव्या बाजूचा मात्र सुटता सुटेना, छिन्नी मारून मारून खांदे गेले.

आणि आजोबा शंभर टक्के बरोबर. कण्याला लागून असलेली खालची फळी बघायची मला सगळ्यात जास्त भीती होती. सुताराने रंधा एकदा फिरवला आणि तेलकट लाल लाकूड वर आलं. १९ वर्षं पाण्याखाली आणि साग अजून वास देतोय. कुजलेलं काय निघालं? वरच्या पट्टीखालच्या दोन फळ्या, जिथे पावसाचं पाणी झिरपत होतं. आणि लोखंडी खिळे, गंजून दुप्पट फुगलेले. त्यांनीच आजूबाजूचं लाकूड फोडलं होतं.

सुताराचं वय ६६. मी विचारलं, हात थरथरतात का? तो म्हणाला, हा कसला प्रश्न.

आता फटीत कापूस ठासायचं काम चालू आहे, जुन्या पद्धतीने. वर राळ आणि तेल. वडील रोज येऊन बसतात. काल त्यांनी सुताराच्या हातून छिन्नी घेतली आणि दोन हात फट स्वतः भरली. बोलले नाहीत काही.

आतापर्यंतचा खर्च ५८ हजार.

---

सीए_पण_कोकणी | ७ जुलै, सकाळी ९:१०

विकणार असाल तर हा खर्च करायला नको होता. केलात, म्हणजे उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालेलं दिसतंय. मग धागा कशाला काढलात?

---

दर्याकाठचो_बाबू | ७ जुलै, सकाळी ९:३५

पाऊस होता, साहेब. काय करणार.

---

वीकेंड_गळकरी | १७ ऑगस्ट, सकाळी ११:००

नारळी पौर्णिमा होऊन गेली. काही बातमी? ऑक्टोबरची सुट्टी टाकायची आहे.

---

दर्याकाठचो_बाबू | १७ ऑगस्ट, रात्री ११:४०

होडीतूनच लिहितोय. नांगरलेली आहे, खाडीत.

आज दुपारच्या भरतीला उतरवली. नारळ पौर्णिमेला दिला होता, पण वाऱ्यामुळे होडी थांबली होती. सुकलेल्या लाकडी होडीचं एक असतं. पहिल्या दिवशी ती गळतेच. फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत फटी मिटत नाहीत. त्यामुळे पहिली रात्र कोणीतरी होडीत झोपायचं, म्हणजे झोपायचं नाही, पाणी काढायचं. दोन वर्षं फायबर होता, त्यामुळे मी हे कधी केलंच नव्हतं. वडील म्हणाले, पंप लावू नकोस, बालदीने काढ, म्हणजे कळेल. म्हणून मोजतोय.

चार ते पाच या तासात ४३ बालद्या. तेव्हा खरं सांगतो, फाटली होती माझी. सात ते आठ २९. नऊ ते दहा १७. आत्ताचा तास संपायला वीस मिनिटं आहेत आणि ६ झाल्यात.

विजयदुर्गवाल्याचा संध्याकाळी फोन आला होता. साडेपाच लाख म्हणाला. त्याला म्हटलं, आत्ता हात ओले आहेत, नंतर बोलतो.

---

तळाशीलचो_नातू | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आजोबा उठल्या उठल्या विचारतायत, शेवटच्या तासाक किती?

---

दर्याकाठचो_बाबू | १८ ऑगस्ट, सकाळी ७:२०

पाच ते सहा, दोन. त्यातली एक पावसाची.